एक वस्तू, एक जागा

दादासाहेबांच्या घरात कात्री एकच होती. हॉलमधल्या लोखंडी कपाटाशेजारी ‘कात्री’ अशी चिठ्ठी चिकटवलेला एक खिळा होता आणि त्या खिळ्याला ती टांगलेली असे. स्वयंपाकघरात दुधाची पिशवी कापायची झाली तर कात्री तिकडे न्यायची नाही, पिशवी इकडे आणायची, असा नियम होता. त्यामुळे घरात येणाऱ्या दुधातला थोडा वाटा रोज हॉलच्या फरशीला मिळत असे. “सांडलेलं दूध पुसता येतं,” दादासाहेब म्हणत. “हरवलेली कात्री काय पुसून मिळते?” या प्रश्नाला उत्तर देण्याच्या भानगडीत घरात कुणी पडत नसे.

खरं म्हणजे कात्र्या चार होत्या. एक शिवणाच्या डब्यात, एक गादीखाली, एक फ्रिजच्या मागे आणि एक ही, खिळ्याची, सरकारी. बाकीच्या तिघींची व्यवस्था वहिनींनी, म्हणजे दादासाहेबांच्या पत्नीने, लग्नानंतर लवकरच लावून टाकली होती. वहिनींचं म्हणणं असं की जिथे काम, तिथे वस्तू. हे म्हणणं त्यांनी नवऱ्यासमोर कधी मांडलं नाही, कारण मांडलं की चर्चा होते आणि चर्चेने पिशवी कापली जात नाही.

दादासाहेब पाणीपुरवठा खात्याच्या दप्तरखान्याचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले होते. आपण त्यांच्या स्वभावाला हसतो आहोत, तर त्यांची बाजूही सांगितली पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीला त्यांच्या खात्यात जमिनीखालच्या नळांच्या नकाशाच्या दोन प्रती होत्या, एक मुख्य कचेरीत आणि एक विभागाच्या कचेरीत. नळाची जागा बदलली तेव्हा एका प्रतीवर दुरुस्ती झाली, दुसरीवर राहिली. पुढे कुणीतरी दुसरी प्रत हातात धरून रस्ता खणला. फुटलेल्या नळाचा फवारा तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला आणि खणणारे, पाहणारे, रागावणारे असे सगळे सारखेच भिजले. त्या दिवशी भिजलेल्या शर्टात उभं राहून तरुण दादासाहेबांनी मनाशी ठरवलं की जगातल्या सगळ्या घोटाळ्यांचं मूळ म्हणजे दुसरी प्रत. दप्तरखान्यात त्यांच्या टेबलामागे ‘एक वस्तू, एक जागा’ अशी पाटी लागली, आणि निवृत्तीच्या दिवशी रीतसर पोच देऊन ती पाटी ते घरी घेऊन आले.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. दादासाहेबांच्या आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. आई शेवटपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. बाकीची तीन भावंडं वेगवेगळ्या गावी: मधली बहीण छबू शाळेत मुख्याध्यापिका, तिच्या पाठचा भाऊ चष्म्यांच्या दुकानाचा मालक, आणि सगळ्यांत धाकटी बेबी, जिला नातवंडं झाली तरी नाव तेच राहिलं. फोनवर बोट दाबून धरलं की आपलं बोलणं समोरच्याला पोचतं, हे आईला म्हातारपणी कळलं आणि तिला दुसरं बालपण लाभलं. दुपारी सगळे झोपले की आई खिडकीपाशी बसून तिघांना व्हॉइस मेसेज पाठवी. कुणाला गुडघ्याची बातमी, कुणाला समोरच्या झाडावरच्या पक्ष्याची, कुणाला नुसतं “काही नाही, सहज” म्हणून.

दादासाहेबांना मात्र तिने एकही मेसेज पाठवला नाही. पाठवणार कशाला? ते पलीकडच्या खोलीत असत. त्यांना काही सांगायचं झालं तर आई तिथूनच हाक मारी, आणि हाक काही फोनमध्ये साठत नाही. ती गेल्यावर एकदा बोलता बोलता बेबी म्हणाली, “मी रोज तिचा एक मेसेज ऐकते बाई, त्याशिवाय मला करमत नाही.” दादासाहेब “हं” म्हणाले. फोन ठेवला आणि ते आईच्या जागी खिडकीपाशी जाऊन बसले. इतकी वर्षं आई आपल्याकडे, आणि तिचा आवाज आपण सोडून बाकी सगळ्यांकडे. त्यांना वाईट वाटलं, पण वाईट वाटणं हा प्रकार त्यांना नीट जमत नसे. त्यांना व्यवस्था लावणं जमत असे.

म्हणून त्यांनी व्यवस्था लावायला घेतली. तिन्ही भावंडांना कळवण्यात आलं की आईचे मेसेज तीन ठिकाणी विखुरलेले असून ही स्थिती चिंताजनक आहे. सर्वांनी आपापल्याकडचे मेसेज दादासाहेबांकडे पाठवावेत. ते एका डिस्कमध्ये क्रमवार ठेवले जातील, आणि येत्या रविवारी सगळे जमतील तेव्हा एकत्र ऐकवले जातील. शेवटी एक ओळ होती: घोटाळा होऊ नये म्हणून पाठवून झाल्यावर प्रत्येकाने आपल्याकडची प्रत पुसून टाकावी आणि तसं लेखी कळवावं.

पहिला फोन भावाचा आला.

“दादा, पाठवतो. पण पुसायचं कशाला?”

“दोन प्रती म्हणजे घोटाळा.”

“आईच्या बोलण्यात कसला घोटाळा होणार? ती काय नळ आहे?”

“तत्त्व नळाचंच आहे.”

भाऊ थोडा घुटमळला. “दादा, चपला आठवतायत ना?”

“तो विषय संपलेला आहे,” दादासाहेब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

तरी सगळ्यांनी पाठवलं. भावाला मेसेज फोनमधून बाहेर कसे काढायचे ते कळेना, म्हणून त्याने जुना फोनच कापसात गुंडाळून कुरियरने पाठवला. छबूने आपला फोन टेबलावर वाजवत ठेवून शेजारी दुसऱ्या फोनवर ते सगळं ध्वनिमुद्रित केलं, त्यामुळे तिच्याकडच्या आईच्या प्रत्येक वाक्यामागे शाळेची घंटा आणि मुलांचा गलका होता. बेबी एकेक मेसेज पाठवी आणि प्रत्येकाखाली “हा ऐक रे, रडू येतं” असं लिही. तिघांकडूनही “पुसलं” अशी लेखी पोच आली. भावाची तर फारच लवकर आली, मेसेज पाठवण्याच्या आधी. त्या गोष्टीचा दादासाहेबांनी तेव्हा विचार केला नाही.

त्यांनी तळहाताएवढी एक काळी डिस्क आणली आणि तिच्यावर ‘आई’ अशी चिठ्ठी चिकटवली. मग रोज सकाळी चष्मा लावून ते कॉम्प्युटरपुढे बसू लागले. कुठला मेसेज कुणाला, कोणत्या तारखेचा, किती लांबीचा, अशी सगळी नोंद करून प्रत्येकाला क्रमांक मिळू लागला. एकदा वहिनी चहा घेऊन आल्या.

“अहो, ऐकलात का त्यातला एक तरी?”

“वर्गवारी चालू आहे.”

“ते दिसतंय. ऐकलात का, विचारतेय.”

“अगं, दप्तरखान्याचा माणूस कागद वाचत बसला तर दप्तर कधी लागायचं? आधी क्रमांक, मग मजकूर. रविवारी सगळ्यांबरोबर ऐकणारच आहे.”

हे खरंही होतं. चाळीस वर्षांत दादासाहेबांनी लाखो कागद जागच्या जागी ठेवले आणि त्यातला एकही वाचला नाही, याचा त्यांना अभिमान होता. पण वहिनी गेल्यावर त्यांनी पहिल्या मेसेजवर बोट नेलं आणि परत घेतलं. एकट्याने ऐकायची त्यांची छाती होईना. त्यांनी चहा पिऊन पुढचा क्रमांक घातला.

एवढ्यावर गोष्ट थांबली असती, पण इमारतीला कळलं. इमारतीला कळलं म्हणजे सल्ले आले.

खालच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर राहत. त्यांना दादासाहेबांचं धोरण पसंत पडलं. “बरोबर आहे तुमचं. मौल्यवान वस्तू विखरून ठेवली की पहारा कुठे कुठे ठेवणार? तिजोरी एक असावी, पण भक्कम असावी. किल्ली एक असावी आणि ती जबाबदार माणसाकडे असावी.” वरच्या मजल्यावर कॉलेजात संगणक शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक राहत. ते जिन्यातच थांबले आणि कठड्याला टेकून म्हणाले, “साफ चूक. तिजोरी जितकी भक्कम, तितका ती बुडाल्यावर खड्डा मोठा. वस्तू दहा ठिकाणी टाका. दोन जळू द्या, तीन हरवू द्या, उरलेल्या आहेतच.”

“आणि दहाही ठिकाणी चोर शिरले तर?” मॅनेजर.

“आणि तुमच्या एका ठिकाणी तुमचाच माणूस चोर निघाला तर?” प्राध्यापक.

“कुणाबद्दल बोलताय?”

“तत्त्वाबद्दल बोलतोय.”

हे दोघे गेली कित्येक वर्षं पाण्याच्या टाकीवरून बोलत नव्हते. इमारतीला एक मोठी टाकी असावी की प्रत्येक मजल्याला एक लहान, हा तो वाद. इतक्या दिवसांनी त्यांना भांडायला नवीन विषय मिळाल्यामुळे दोघांच्याही चेहऱ्यावर तेज आलं होतं. दादासाहेब मधल्या पायरीवर उभे राहून कधी खाली, कधी वर बघत होते. शेवटी त्यांनी मॅनेजरांचं ऐकलं, कारण मॅनेजर त्यांच्या बाजूने बोलत होते आणि सल्ला घेण्याची हीच पद्धत सर्वत्र आहे.

मॅनेजरांचा सल्ला असा की डिस्क रविवारपर्यंत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी. लॉकर होता. दादासाहेब डिस्क शर्टाच्या आतल्या खिशात घालून, वरून हात धरून बँकेत गेले. वाटेत ओळखीच्या एकाने छातीत दुखतंय का म्हणून विचारलं. बँकेत काउंटरमागच्या बाईंनी लॉकरचा क्रमांक टाकला, पडद्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, “लॉकर तुमच्या आईंच्या नावावर आहे. तुमचं नाव दुसरं.”

“हो. आई गेली.”

“अरेरे. मग त्यांना सही करायला आणता येणार नाही.”

“नाही.”

“मग त्यांचा मृत्यूचा दाखला लागेल, आणि सगळ्या भावंडांची संमती. सगळ्यांनी एकाच वेळी, इथे, समक्ष.” मग बाईंनी मान तिरकी करून खिशाकडे पाहिलं. “ठेवायचं काय आहे?”

“आईचा आवाज,” दादासाहेब म्हणाले.

बाईंनी समोरच्या रकान्यांवरून नजर फिरवली. दागिने होते, कागदपत्रे होती, इतर होतं. “इतर लिहू?” त्यांनी विचारलं. दादासाहेबांना ते लागलं. ते म्हणाले, मी दाखला घेऊन येतो, मग बोलू, आणि ताठ मानेने बाहेर पडले. दार ढकलायचं होतं, ते त्यांनी ओढलं, त्यामुळे मान तेवढी ताठ राहिली नाही.

दाखला घरच्या लोखंडी कपाटात होता. घरातलं सगळंच त्या कपाटात होतं, कारण ‘एक वस्तू, एक जागा’ या तत्त्वाची पुढची पायरी म्हणजे ‘सगळ्या वस्तू, एक जागा’. आत एका फळीवर किल्ल्यांसाठी आकडे ठोकलेले होते आणि प्रत्येक आकड्याखाली चिठ्ठी होती: माळा, गच्ची, पत्रपेटी, लॉकर, कपाट. कपाटाची किल्लीसुद्धा किल्ली आहे आणि किल्ल्यांची जागा कपाटात आहे, हा विचार तर्काला धरून होता. पूर्वी कपाटाची दुसरी किल्ली वहिनींनी प्राध्यापकांच्या बायकोकडे ठेवलेली होती. या मोहिमेच्या जोरात दादासाहेबांनी तीही परत आणून तिच्या आकड्याला लावली होती. शिवाय कपाट चुकून उघडं राहू नये म्हणून किल्लीवाल्याकडून त्यांनी खास कुलूप बसवून घेतलं होतं. दार नुसतं लोटलं की लागे, आणि त्याची जास्तीची किल्लीही त्याच आकड्याला गेली.

बँकेतून आल्यावर त्यांनी खिशातल्या किल्लीने कपाट उघडलं. डिस्क जपून वरच्या खणात, एका पत्र्याच्या डब्यात ठेवली. दाखला काढला. हातातली किल्ली सवयीने ‘कपाट’ या आकड्याला लावली. दार लोटलं. दार लागलं.

तो आवाज ऐकून वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. नवरा हातात कागद घेऊन कपाटाकडे बघत उभा होता.

“किल्ली?” त्यांनी विचारलं.

“जागेवर आहे,” दादासाहेब म्हणाले.

बायका अशा वेळी काय म्हणतात हे सर्वांना माहीत आहे. वहिनी त्यातलं काहीही म्हणाल्या नाहीत. त्या फक्त आत गेल्या, आणि दुधाची पिशवी कापल्याचा आवाज आला. पिशवी हॉलमध्ये न आणता ती कशी कापली गेली, हे विचारायला दादासाहेब त्या दिवशी भानावर नव्हते.

किल्लीवाल्याला बोलावलं. तो आला, त्याने कुलूप पाहिलं आणि खूश झाला. “हे कुलूप मीच बसवलंय. बेस्ट कुलूप आहे. कुणाच्या बापाला उघडायचं नाही.”

“तुला उघडेल ना?”

“तेच सांगतोय, मलाही नाही.” त्याने थोडा वेळ तारा घालून पाहिल्या आणि मग पिशवीतून हातोडा काढला. ठोक्यांच्या आवाजाने खालून मॅनेजर आले, वरून प्राध्यापक आले. कुणी बोलावलं नव्हतं, पण संकटात शेजारधर्म आडवा येतो. मॅनेजर म्हणाले, तिजोरीचं दार समोरून कधी फोडत नाहीत, बिजागरी काढतात. प्राध्यापक म्हणाले, कुलपाची जीभ वजनाने अडकलेली असते, कपाट मागे कललं की ती सुटेल. आता, बँकवाल्याला बिजागरीतलं काय कळतं आणि संगणकवाल्याला जिभेतलं काय कळतं, हा प्रश्न एरवी दादासाहेबांनी विचारला असता. पण त्यांचं धैर्य संपत आलं होतं. ते म्हणाले, “जे करायचं ते हळू करा. वरच्या खणात आई आहे.”

किल्लीवाल्याने हातोडा खाली ठेवला. “कोण आहे?”

त्याला समजावून सांगण्यात थोडा वेळ गेला. मग एका बाजूला मॅनेजर आणि दुसऱ्या बाजूला प्राध्यापक असे दोघांनी कपाट धरलं. पाण्याच्या टाकीनंतर पहिल्यांदाच दोघे एका कामाला लागले होते, आणि ते दोघांनाही इतकं अवघड वाटत होतं की एकमेकांकडे न बघता ते काम करत होते. मॅनेजरांनी पुढे ओढलं, प्राध्यापकांनी मागे ढकललं. कपाट आधी एका कोपऱ्यावर उभं राहिलं, मग दुसऱ्या. आतून गडगडण्याचा एक लांब आवाज आला. मग थोडं शांत झालं, आणि मग पत्र्याचा डबा तळाशी आपटल्याचा आवाज आला. त्याच क्षणी कुलूप सुटलं आणि दार आपोआप उघडलं.

“उघडलं!” प्राध्यापक म्हणाले.

“मी ओढलं म्हणून,” मॅनेजर म्हणाले.

दादासाहेब गुडघ्यावर बसून डबा उघडत होते.

डिस्क बाहेरून धडधाकट दिसत होती. कॉम्प्युटरला लावली तर आतून टिक, टिक, टिक असा आवाज आला आणि पडद्यावर काहीच आलं नाही. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. त्याने ती कानाशी धरली, मान हलवली, आणि विचारलं, “दुसरी प्रत कुठे आहे?”

“दुसरी प्रत नाही.”

“म्हणजे बॅकअप हो. दुसरीकडे कुठे ठेवलंच असेल ना?”

“नाही.”

“ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्याकडे असेल?”

“त्यांनी पुसलं. लेखी आहे माझ्याकडे.”

माणसाने दादासाहेबांकडे पाहिलं. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, दादासाहेबांना त्याच्यावर रागावता आलं असतं. तो म्हणाला, “सॉरी काका. यातून काही निघणार नाही.” भावाच्या जुन्या फोनचं काय, हे त्यांना घरी येताना आठवलं. मग हेही आठवलं की तत्त्वाला धरून तो त्यांनी स्वतःच, आपल्या हाताने, पुसून कोरा केला होता, आणि छबूचं न् बेबीचं आपल्या फोनवर आलेलंही.

दोन दिवस असेच गेले. दादासाहेब जेवायला बसत, उठत, कपाटासमोर खुर्ची टाकून बसत. पाटी त्यांनी भिंतीवरून काढली आणि ठेवायला जागा न सुचल्यामुळे हातातच धरून हिंडत राहिले. वहिनींनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि फ्रिजच्या मागे ठेवली. आईचा आवाज आपल्याकडे नव्हता, म्हणून आपण तो सगळ्यांकडून मागून घेतला, आणि आता तो कुणाकडेच नाही, हे एकच वाक्य त्यांच्या डोक्यात फिरत होतं. इतर लिहू का, असं बँकेतल्या बाईंनी विचारलं तेव्हा त्यांना राग आला होता. आता त्यांना वाटत होतं, त्या बाईंनी काहीही लिहून ठेवून घ्यायला हवं होतं.

रविवारी भावंडं आली. बेबीने येताच दादासाहेबांच्या गळ्यात पडून घेतलं, छबूने चपला रांगेत लावल्या, भावाने सगळ्यांचे चष्मे तपासून दोघांचे नंबर बदललेत असं सांगितलं. चहा झाला. मग सगळे दादासाहेबांकडे बघू लागले, कारण आता कार्यक्रम होता.

दादासाहेब उभे राहिले. घरच्या माणसांसमोर उभं राहून बोलायची गरज नव्हती, पण ते उभे राहिले. “सांगायचं असं आहे,” ते म्हणाले, “की डिस्क पडली. मोडली. त्यातलं आता काही निघत नाही. तुम्ही तुमच्याकडचं पुसलंत, कारण मी सांगितलं. त्यामुळे आईचा आवाज आता कुठेच नाही. चूक माझी. मी...” पुढचं वाक्य त्यांनी पाठ केलेलं होतं, पण ते बाहेर आलं नाही. ते खाली बसले.

बेबीने छबूकडे पाहिलं. छबूने भावाकडे पाहिलं. भावाने चष्मा काढला, पुसला, आणि परत घातला.

“दादा,” तो म्हणाला, “तो फोन मी पाठवला ना, त्याच्या आधी मी दुकानातल्या पोरीकडून सगळं नव्या फोनमध्ये घेतलं होतं.”

“तू पुसलं असं लिहिलंस.”

“लिहिलं.”

“मीही लिहिलं,” बेबी म्हणाली. “पण पुसलं नाही. मी कशी पुसणार रे?”

दादासाहेबांनी छबूकडे पाहिलं. छबू मुख्याध्यापिका होती, तिचा तरी लेखी शब्द खरा असावा अशी त्यांची अपेक्षा होती. छबू म्हणाली, “माझ्या फोनमध्ये आहे. शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. आणि एक माझ्या मुलीकडे आहे.”

खरं म्हणजे या क्षणी माणसाला आनंद व्हायला हवा. दादासाहेबांना झालाही, इतका की डोळे भरून आले. पण दप्तरखान्यात घालवलेली वर्षं अशी सहजासहजी माणसाला सोडत नाहीत. डोळे पुसता पुसताच त्यांचा आवाज चढला. “म्हणजे तिघांनी मला खोटं लिहून दिलं! मी स्पष्ट कळवलं होतं. एकानेही माझं ऐकलं नाही?”

“ऐकलं असतं रे,” छबू म्हणाली, “पण आईने आधीच सांगून ठेवलं होतं.”

“काय सांगून ठेवलं होतं?”

छबूने फोन काढला. थोडा वेळ बोटाने वर खाली केलं. “हा बघ. तू सगळ्यांचे जुने फोटो गोळा करत होतास ना, तेव्हाचा आहे. मी तुला पाठवलाही होता बाकीच्यांबरोबर. तू ऐकला असशील.”

दादासाहेबांनी त्याला क्रमांक दिला होता.

फोन टेबलावर ठेवला. आधी नुसती खरखर आली, मग घसा खाकरल्याचा आवाज, आणि मग आई त्या खोलीत बोलू लागली.

“छबू, ऐक. दादा आता फोटो गोळा करतोय. तुला मागेल. मागितले की दे हो, नाही म्हणू नकोस, त्याला बरं वाटतं सगळं एकत्र बघून. पण एक आपल्याकडे ठेव. बेबीला आणि भाऊला पण सांगितलंय मी. तुला आठवतं ना, चौघांच्या चपला हरवायला नकोत म्हणून त्याने एका पिशवीत भरल्या, आणि पिशवी बसमध्ये राहिली? चौघं अनवाणी आलात घरी. तेव्हापासून मी सगळं वेगवेगळं ठेवते. पण त्याला हे सांगू नकोस. तो एवढं जपतो ना, म्हणून तर तुम्ही सगळे बिनधास्त असता. त्याला हसू नका. मी सांगते तुला...”

तेवढ्यात त्या मेसेजमध्ये लांबून एक पुरुषी आवाज आला. हॉलमधून ओरडल्यासारखा, जरा त्रासलेला.

“आई, कुणाशी बोलतेस गं?”

आणि आईचा आवाज एकदम मोठा झाला, जवळच्या फोनला विसरून, पलीकडच्या खोलीपर्यंत जाईल असा.

“कुणाशी नाही रे! तू जेवून घे, गार होतंय!”

मेसेज संपला.

बेबी रडत होती, आणि हसतही होती. दादासाहेब टेबलावरच्या फोनकडे बघत होते. तिघांना मिळून आईने इतकं काय काय पाठवलं, त्यात त्यांच्यासाठी एवढंच होतं. तेही ती खोटंच बोलली होती. पण बोलली होती ती त्यांच्याशी.

“पुन्हा लाव,” ते म्हणाले.

छबूने लावलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा आई “गार होतंय” म्हणाली तेव्हा दादासाहेबांनी मान हलवली, जेवायला येतो म्हणावं तशी.

“मला पाठव तो,” ते म्हणाले.

बेबीने बटण दाखवलं आणि छबूने पाठवला. त्याच वेळी तिने तो भावाला आणि बेबीलाही पाठवला, आणि छबू दादाला विसरेल म्हणून भावाने, आणि दोघेही विसरतील म्हणून बेबीने, एकाच सोफ्यावर बसून तोच मेसेज दादासाहेबांना पाठवला. खिशातला फोन तीनदा वाजला. दादासाहेबांनी चष्मा लावून पाहिलं. आईचा एकच मेसेज एकाखाली एक, तीन वेळा.

वहिनी कपबशा उचलत होत्या. त्यांनी खांद्यावरून वाकून पाहिलं. “तीन आलेत की. जास्तीचे दोन पुसून देऊ का?”

दादासाहेबांनी फोन छातीशी धरला.

“असू देत,” ते म्हणाले.